परबबाईंचा काना

परबबाईंची जीभ जांभळी असायची. जांभळांचा हंगाम असो की नसो. पोस्टात वापरतात तसली, ओली केली की जांभळी उमटणारी पेन्सिल त्या उजव्या कानावर खोचून ठेवत. लिहायची वेळ आली की पेन्सिल कानावरून काढायची, जिभेला टेकवायची, लिहायचं आणि पुन्हा कानावर. नर्सने पेन्सिल चाटू नये, असं डॉक्टरांनी दोनदा सांगून पाहिलं. "या दवाखान्यातली सगळ्यात स्वच्छ जागा माझी जीभ आहे, डॉक्टर," असं त्या म्हणाल्या. त्यानंतर डॉक्टरांनी तो विषय सोडला.

दवाखाना धर्मादाय होता, अंधेरी पूर्वेला. मागे भातखाचरं, पुढे तेलाची गिरणी, आणि मधल्या बैठ्या चाळींमधून येणारे पेशंट. सन पन्नासनंतरची काही वर्षं मी तिथे केसपेपर लिहायला होतो. पहिल्या खोलीत मी, दुसऱ्या खोलीत डॉक्टर, तिसऱ्या खोलीत हिरवा पडदा आणि पडद्यामागे परबबाई. नाव, वय, पत्ता, तक्रार हे मी भरायचो, आणि जखम असली तर 'इजेचे कारण' हा रकानाही. माझं अक्षर टपोरं आणि मोकळं होतं, म्हणून परबबाई मला मास्तर म्हणत.

मी लिहायला बसलो आहे ते त्या शेवटच्या रकान्यामुळे. त्यातला एक शब्द मी बिघडवला. त्यापायी परबबाईंची नोकरी गेली आणि माझ्या वहिनींची चार वर्षं गेली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं लिहिताना मीच मला बरा माणूस वाटायला लागेन.

परबबाई मालवणकडच्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. चहा त्या औषधाच्या मापाच्या ग्लासातून पीत. चार औंस, कमी नाही, जास्त नाही. त्यांना नवरा नव्हता. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जरा चौकशी केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पडला. माडावरून." मी हळहळलो. त्या म्हणाल्या, "तो खराच पडला हां, मास्तर. आपल्याकडे पडतात तसा नाही."

याचा अर्थ मला कळायला महिना लागला.

दुपारी दोनच्या सुमाराला बायका यायच्या. पुरुष कामावर, स्वयंपाक आवरलेला, नळाला पाणी यायला वेळ. बहुतेकींच्या कडेवर मूल असायचं आणि त्या मुलाला खोकला असायचा. मी मुलाचा केसपेपर करायचो. डॉक्टर मुलाची छाती तपासायचे आणि म्हणायचे, काही नाही, थोडं औषध द्या. मग परबबाई मुलाला पडद्याआड न्यायच्या आणि आईलाही. थोड्या वेळाने आत बोलावून मला दुसरा केसपेपर करायला सांगायच्या. हा आईचा. कपाळाला टाके, दंड सुजलेला, करंगळी मोडलेली, कधी पाठ. मी विचारायचो, "इजेचं कारण?" उत्तर नेहमीचं असायचं. "पडले." मोरीत, ओट्यावरून, विहिरीवर, पायरीवर. मी रकान्यात लिहायचो: पडून.

"अंधेरीची जमीनच वाईट," परबबाई एकदा कापूस फाडता फाडता म्हणाल्या. "पुरुष चालतात तेव्हा मात्र सपाट असते."

खोकल्याच्या औषधाबद्दल सांगायला हवं. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर डोसाच्या खुणा करायचं काम परबबाईंचं. सगळ्या मुलांना तीन दिवसांचं औषध मिळे. पडलेल्या आईच्या मुलाला मात्र एकाच दिवसाचं. मला वाटलं, बाई विसरतात. मी लक्षात आणून दिलं.

"बाईचं ड्रेसिंग उद्या बदलायला हवं की नको?" त्यांनी विचारलं.

"हवं."

"उद्या तुझं ड्रेसिंग आहे, ये, असं म्हटलं तर घरचे पाठवतील?"

मी बाटलीकडे पाहिलं.

"पोराचं औषध संपलं म्हटलं की पाठवतात. पोरगा त्यांचा असतो ना." आणि पेन्सिल जिभेला लावून त्यांनी पट्टीवर एका दिवसाच्या खुणा केल्या. एका दिवसाचं औषध म्हणजे उद्या पुन्हा या, एवढंच त्या बाटलीचं म्हणणं असायचं. त्या दिवसांत आमच्या भागातल्या मुलांना फार खोकला झाला, अशी डॉक्टरांची समजूत होती.

डॉक्टर वाईट नव्हते. टाके सुरेख घालायचे. फक्त कारणाच्या रकान्याबद्दल त्यांचा एक नियम होता. पेशंट सांगेल ते लिहायचं. "आपण पोलीस नाही," ते म्हणायचे. परबबाईंनी सुरुवातीला हा नियम पाळायचं ठरवून पाहिलं. म्हणजे पेशंटला नीट सांगायला लावायचं. कोकणातली बाई असली तर त्या मालवणीत शिरायच्या.

"खंय पडलंस गो?"

"मोरयेत, बाय."

"तुझी मोरी मी बघलंय. थंय मांजराक पडाक जागा नाय."

बाई हसायची, मग रडायची, मग म्हणायची, मोरीतच. मी लिहायचो: मोरीत पडून.

एकदा तेलाच्या गिरणीतला एक मुकादम बायकोला स्वतः घेऊन आला. असे नवरे फार काळजीवाहू दिसतात. बायकोच्या आधी तेच बोलतात. "स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढत होती. तोल गेला. मी म्हणतो, कशाला चढायचं? ऐकतच नाही." बायको जमिनीकडे बघत होती. तिच्या मानेच्या मागे, केसांखाली, चार लांबट वळ होते आणि थोडा अलीकडे पाचवा, आखूड.

परबबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल आणून बाहेरच्या खोलीत मध्यभागी ठेवलं. बाकावर दहाबारा पेशंट होते.

"चढा," त्या मुकादमाला म्हणाल्या.

"मी?"

"मास्तरांना कारण नीट लिहायचं असतं. कशी पडली ते दाखवा."

लोकांच्या देखत नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तो चढला. भला मोठा माणूस, धोतराचा सोगा हातात.

"हां. आता पडा."

"कसा पडू?"

"ती पडली तसे. मानेवर पाच बोटं उमटली पाहिजेत."

तो खाली बघत उभा राहिला. बाकावर कोणीतरी खोकलं, आणि ते खोकणं खोकल्याचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "लागेल ना, बाई."

"लिहा मास्तर," परबबाई म्हणाल्या, "लागतं म्हणतायत."

ही गोष्ट चाळीचाळीत पोचली. मीही पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितली. माझ्या घरीही सांगितली. दादा हसला, वहिनी भाकरी थापत होत्या. मुकादमाची बायको त्यानंतर तीन आठवडे आलीच नाही. आली तेव्हा तिला नीट बसता येत नव्हतं आणि जखमा जुन्या होत्या. परबबाईंनी तिचं सगळं केलं. मग स्टूल उचलून मागच्या खोलीत नेऊन टाकलं आणि मला म्हणाल्या, "तो पडला नाही, मास्तर. मी पडले. तिच्या अंगावर."

काना त्यानंतर सुरू झाला.

मी लिहिलेले केसपेपर संध्याकाळी कपाटात लावायचं काम परबबाईंचं होतं. एकदा एक जुना पेपर काढला तर माझ्या निळ्या शाईच्या 'पडून'मध्ये, प आणि ड यांच्यामध्ये, एक जांभळी उभी रेघ होती. पडूनचं पाडून झालं होतं. मी अक्षरं मोकळी लिहितो, त्यामुळे जागा भरपूर होती. मी आणखी पेपर काढले. काना सगळ्यांवर नव्हता. एक म्हातारी खरंच विहिरीच्या काठावर घसरली होती, तिच्यावर नव्हता. पडद्याआड ज्यांनी परबबाईंना खरं सांगितलं, त्यांच्यावर होता.

डॉक्टरांनाही एकदा दिसला. "परबबाई, मास्तरांचं शुद्धलेखन तुम्ही कशाला तपासता? 'पडून'ला काना नसतो."

"पडणाऱ्याला नसतो, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. मालवणी माणसाचं मराठी, असं मला म्हणाले. मला कळलं होतं, पण मीही हसलो.

"कशासाठी करता हे?" मी त्यांना नंतर विचारलं. "कोण बघणार आहे?"

"आज कोणी नाही. पण उद्या एखादीला कागद लागला, तर कागद खोटारडा नको."

"पण तुम्ही त्या नवऱ्याचं नाव तर लिहीत नाही."

"त्या घेत नाहीत ना नाव," परबबाई म्हणाल्या. ही त्यांची मोठी अडचण होती. कोणी मारलं विचारलं की बाई म्हणायची, ह्यांनी. ह्यांनी म्हणजे कोणी? घरच्यांनी. घरचे कोण? आमचे ते. हाड मोडलं तरी चालेल, पण नवऱ्याचं नाव तोंडात येणार नाही. त्यावर परबबाईंनी एक उपाय काढला होता. एकदा पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकला, "लग्नात घेतलं होतंस ना? मग घे. उखाण्यात घे."

मग बारीक, लाजऱ्या आवाजात, अगदी मंगळागौरीत घ्यावा तसा उखाणा आला:

"चुलीवर ठेवला भात, भाताला आली उकळी,
गणपतरावांचं नाव घेते, दुखते माझी फासळी."

पडद्याआड दोघी हसल्या. हसताना ती बाई मध्येच 'आई गं' म्हणाली, कारण फासळी खरंच मोडलेली होती. मी बाहेर टाक हातात धरून बसलो होतो. हसावं की काय करावं ते न कळून मी शाईची दौत पुसली.

आता माझ्या घरची गोष्ट.

वडील गेल्यावर दादाने मला वाढवलं, शिकवलं. तो फोर्टमधल्या एका कचेरीत हेडक्लार्क होता. श्रीधरपंत म्हणजे शब्दाचा पक्का माणूस, असं सगळे म्हणायचे. दादा, वहिनी, त्यांची तीन वर्षांची छबू आणि मी असे आम्ही दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहायचो. दादा कामावरून आला की हातपाय धुऊन रेडिओ लावायचा. कधी रेडिओ बेताचा असायचा, कधी तो मोठा करायचा. तो मोठा झाला की मी छबूला उचलून कोपऱ्यावर पान खायला जायचो. मी पान खात नाही. कोपऱ्यावर उभा राहायचो आणि छबूला टांगे दाखवायचो. बातम्या संपायच्या अंदाजाने परत यायचो. वहिनी ताट वाढायच्या. आम्ही जेवायचो.

रोज सात तास मी लोकांना इजेचं कारण विचारत होतो. घरी मी कधी विचारलं नाही.

पहिल्यांदा वहिनी दवाखान्यात आल्या त्या डावा कान वाहत होता म्हणून. "काडी लागली, भावोजी," त्या मला म्हणाल्या. मी लिहिलं: काडी लागून. परबबाईंनी कान साफ केला, कापूस घातला आणि बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. चार औंस चहा ओतला आणि तो न पिताच आत गेल्या. छबूला त्या दिवशी खोकला होता, असं मला नंतर कळलं. एका दिवसाचं औषध दिलं होतं.

वहिनी त्या आठवड्यात रोज आल्या. पुढच्या महिन्यात मनगट मोडून आल्या, आणि कान पुन्हा वाहत होता. या वेळी त्यांना मीच घेऊन आलो. वाटेत आम्ही छबूबद्दल बोललो. दवाखान्यात मी टेबलामागे गेलो, खुर्चीवर बसलो, कागद घेतला आणि जिच्याकडे सकाळी चहा मागितला होता तिला विचारलं, "इजेचं कारण?"

"पडले," वहिनी म्हणाल्या.

मी लिहिलं. हात थरथरला असं लिहायला बरं वाटेल. थरथरला नाही. अक्षर नेहमीसारखं आलं.

डॉक्टरांनी मनगट बसवलं. कान बघून ते म्हणाले, पडदा फाटलाय, मोठ्या इस्पितळात दाखवा. संध्याकाळी मी कपाट उघडलं. वहिनींच्या पेपरवर काना होता.

परबबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही तरी पुसू नका, मास्तर."

"मी कशाला पुसेन?" मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

परबबाईंनी वहिनींच्या वडिलांना कार्ड घातलं. ते खेडचे, निवृत्त पोस्टमास्तर. कार्डात एवढंच होतं: लेकीला भेटून जा, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते आले. पडद्याआड लेकीशी बोलले, मग एका वकिलाला भेटले. वहिनींना छबूला घेऊन माहेरी जायचं होतं. दादा म्हणाला, तू जा, मुलगी इथेच राहील. वकील म्हणाले, नव्या कायद्याने कोर्ट वेगळं राहू देतं, मुलगीही मिळेल, पण छळ दाखवावा लागेल. नवरा एक म्हणणार, बायको एक म्हणणार. कागद काय म्हणतो ते बघू.

त्या संध्याकाळी दादाने रेडिओ लावला नाही. मला समोर बसवलं.

"कागदावर काय आहे?"

"पडून."

"नक्की?"

मी सांगितलं. कान्याबद्दल सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. पण दादाने काही विचारलं की सगळंच सांगायचं, ही सवय होती.

दादा ओरडला नाही. "हे बघ, अक्षर तुझं. तिने जे सांगितलं तेच तू लिहिलंस. बाहेरच्या एका बाईने त्यात रेघ मारली. ती काढायची यात खोटं काय आहे? उलट आत्ता आहे ते खोटं आहे." आणि म्हणाला, "तुला मी शिकवलं ते दुसऱ्यांनी तुझं लेखन सुधारावं म्हणून नाही."

मला ते पटलं. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याने मला धमकावलं असं पुढे मी बऱ्याच वर्षांत स्वतःला पटवत आणलं होतं. धमकावलं नाही. मला पटलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन गेलो आणि काना खरवडून काढला. ती पेन्सिल रबराने जात नाही. कागद पातळ झाला, पण फाटला नाही. सफाईदार काम झालं. स्वतःच्या कामाबद्दल समाधान वाटतं तसं मला क्षणभर वाटलंही.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या खोलीत सगळे बसले. वकील, वहिनींचे वडील, डॉक्टर. मला आणि परबबाईंना बोलावलं. वकिलांनी पेपर वाचला. "पडून."

वहिनींच्या वडिलांनी परबबाईंकडे पाहिलं. परबबाईंनी कागद मागितला. चष्मा नव्हता त्यांना, पण कागद त्यांनी वाचायला घेतलाच नव्हता. खिडकीकडे नेऊन त्यांनी तो उजेडासमोर धरला. प आणि ड यांच्यामध्ये एक उभी, उजळ रेघ दिसली. तिच्यातून मागचं भातखाचर दिसेल असं मला वाटलं.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "इथे काही खोडलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "पेशंटने पडले सांगितलं. मी पडून लिहिलं."

"परबबाई?"

"इथे माझा काना होता."

"म्हणजे तुम्ही दवाखान्याच्या कागदात फेरफार करता?"

"होय."

"आणखी कुठे?"

"कपाटात आहेत. मोजा."

डॉक्टरांनी कपाट उघडून मोजले नाहीत. चारपाच पेपर पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना शुद्धलेखन वाटलं होतं. वकिलांनी कागद परत ठेवला आणि वहिनींच्या वडिलांना हलक्या आवाजात म्हणाले, यात काही राहिलं नाही, उलट आपल्यावर शेकेल. म्हातारा उठला. मला नमस्कार केला, सवयीने, जावयाचा भाऊ म्हणून. त्याच आठवड्यात परबबाईंना काढलं.

जाताना त्यांनी पातळाच्या घड्या, चहाचा तो ग्लास आणि पेन्सिलींची एक जुडी पिशवीत भरली. माझ्या टेबलापाशी थांबल्या. मी काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"मास्तर, बाईचा कान गेला," त्या म्हणाल्या. "काना तरी ठेवायचा होतात."

नंतर चार वर्षं वहिनी घरातच होत्या. दुसरी नर्स आली. तिची जीभ नेहमीच्या रंगाची होती. मुलांचा खोकला बराच कमी झाला. मी 'पडून' लिहीत राहिलो. घरी मी वहिनींच्या उजव्या बाजूला जाऊन बोलायला शिकलो. रेडिओ मोठा व्हायचा तेव्हा छबू आता स्वतःच चपला घालून माझ्यासाठी दारात थांबायची.

दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी वहिनी दादाला म्हणाल्या, "छबूला खोकला आहे. गोरेगावच्या दवाखान्यातला डॉक्टर मुलांचा चांगला आहे म्हणतात. भावोजी येतील बरोबर." दादा हो म्हणाला. वहिनींच्या ओठाला खोक पडलेली होती आणि त्या डावा हात पदराखाली धरून होत्या. बसमध्ये छबू खिडकीशी बसली. गोरेगाव येईपर्यंत ती एकदाही खोकली नाही. माझ्या ते लक्षात आलं नाही.

दवाखाना म्हणजे एका प्रसूतिगृहाच्या पुढच्या दोन खोल्या. टेबलापाशी, केसपेपर पुढे घेऊन, परबबाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. पेन्सिल उजव्या कानावर. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही आणि वहिनींकडे पाहून नवलही दाखवलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मुलीला खोकला आहे," मी म्हणालो.

"हो," परबबाई म्हणाल्या. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून वहिनींच्या उजव्या बाजूला आल्या. "इजेचं कारण?"

बाकावरच्या दोन बायका आमच्याकडे बघत होत्या.

"स्वतःच पडलंस?"

वहिनींनी मान हलवली. नाही.

"कोणी?"

"ह्यांच्या..." वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्या थोरल्या भावानं."

"नाव घे."

मला वाटलं, आता उखाणा येणार. वहिनींचं लग्न झालं तेव्हा त्यांनी घेतलेला मला आठवत होता. मी पंधरा वर्षांचा होतो आणि सगळ्यांच्या पुढे बसलो होतो. पण उखाणा आला नाही.

"श्रीधर," वहिनी म्हणाल्या. नुसतं. पंत नाही, राव नाही.

परबबाई टेबलाशी परतल्या. पेन्सिल काढली, जिभेला लावली, लिहिलं आणि कागद वळवून माझ्यापुढे सरकवला. 'पती श्रीधर यांनी पाडून व मारून.' सगळंच जांभळं होतं. कान्यात कुणाची वेगळी शाई नव्हती.

"वाचा, मास्तर. शुद्धलेखन बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग खाली सही करा. पूर्ण नाव, आणि पेशंटशी नातं. सोबत आलेल्याची सही लागते."

असा नियम कुठेच नव्हता. इतकी वर्षं केसपेपर मी लिहीत होतो, मला ठाऊक होतं. परबबाईंनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी खिशातलं पेन काढलं. त्यांनी मान हलवून आपली पेन्सिल पुढे केली. मी ती जिभेला लावली. कडवट लागली. सही केली, पुढे लिहिलं: दीर.

यात माझा वाटा एवढाच. तोही मागितला म्हणून.

"पुरुषांनी बाहेर थांबायचं," परबबाई म्हणाल्या आणि दोघींना आत घेऊन गेल्या. पडदा सरकला तेव्हा आत बाकावर वहिनींचे वडील बसलेले दिसले, मांडीवर पिशवी. छबू त्यांच्याकडे धावली. पडदा पुन्हा सरकला.

मी बराच वेळ बसलो. मागचं दार वाजल्याचा आवाज आला. मग परबबाई एकट्या बाहेर आल्या.

"गेल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी जा आता." आणि मी उठल्यावर, "थांबा. औषध न्या. खोकल्याचं म्हणून आला होता ना."

त्यांनी बाटली भरली, पट्टी चिकटवली, तिच्यावर खुणा केल्या आणि माझ्या हातात दिली. मी काहीतरी बोलणार होतो. चार वर्षं ते जमवत होतो. पण तोवर त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली होती. तिच्या कडेवर मूल होतं. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा परबबाई तिच्याकडे वाकून काही विचारत होत्या, आणि पेन्सिल कानावरून निघून जिभेपर्यंत आली होती. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. पुन्हा भेट झाली नाही.

घरी दादाने विचारलं, त्या दोघी कुठे? मी सांगितलं, आणि सही केल्याचंही सांगितलं. दादाने रेडिओ लावला आणि मोठा केला. या वेळी घरात आम्ही दोघेच होतो, त्यामुळे बातम्या नीट ऐकू आल्या. पुढे कोर्टात तो कागद चालला. वहिनी खेडला राहिल्या, छबू तिथेच शिकली. डावा कान कधीच परत आला नाही. मी वर्षातून एकदा जातो. उजव्या बाजूला बसतो.

बाटलीचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी खिशातून काढून मी ती दिव्याखाली धरली. पट्टीवर जांभळ्या रेघांनी एकाच दिवसाच्या खुणा केलेल्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी कारण विचारलं असतं.